नोंद नसलेली बंदूक

माझं चष्म्यांचं दुकान आणि मिस्त्रीचं बंदुका दुरुस्तीचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत होती, तीही प्लायवूडची. तो कानस चालवायला लागला की माझ्या काउंटरवरच्या फ्रेमा थरथरायच्या, आणि मी काच घासायला घेतली की तो पलीकडून म्हणायचा, "अरे, दात शिवशिवतात, जरा दम खा." एकवीस वर्षं आमचं असं चाललं. तेव्हा त्याच्याबद्दल मी जे सांगतोय त्यातलं काही भिंतीआडून ऐकलेलं, काही डोळ्यांनी पाहिलेलं आणि उरलेलं त्याने स्वतः, सगळं होऊन गेल्यावर सांगितलेलं आहे.

बुटका, रुंद खांद्यांचा माणूस. नखं कायम तेलाने काळी. वाचायचा चष्मा मीच करून दिलेला, तो कपाळावर चढवून ठेवायचा आणि मग टेबलाखाली वाकून शोधत बसायचा. दुकान म्हणजे एक अरुंद खोली. दाराला लोखंडी जाळी, मागे पोलादी कपाट, त्याची किल्ली गळ्यात. कामाच्या टेबलावर नळी घट्ट पकडायची व्हाइस, तिच्या जबड्याला चामड्याचे तुकडे चिकटवलेले, म्हणजे नळीवर ओरखडा उठू नये. कोपऱ्यात वाळूने भरलेला जाड लाकडाचा खोका होता. दुरुस्त झालेली बंदूक तो त्यात एकदा झाडून बघायचा. झाडायच्या आधी भिंतीवर तीन टिचक्या मारायचा, माझ्या हातातून कुणाची काच निसटू नये म्हणून.

आणि एक नोंदवही होती. दुकानात येणारी प्रत्येक बंदूक तीत लिहायची. नंबर, मालक, परवान्याची मुदत, आली कधी, गेली कधी. दर महिन्याला पोलीस ठाण्यातून माणूस येऊन खाली सही करून जायचा. मुदत संपलेल्या परवान्याची बंदूक आली, तर ती मालकाला परत न देता ठाण्यात जमा करायची, असा नियम. मिस्त्री नियम पाळायचा, पण पाळताना त्याचं तोंड एरंडेल प्यायल्यासारखं व्हायचं.

"माझ्या जिवाची राखण करायला मी दुसऱ्याची सही का मागू?" हे त्याचं नेहमीचं. "चोर कुणाची सही घेऊन येतो? तो आला की मी काय करायचं? अर्ज?"

हे सगळं तो ऐकवायचा फौजदारांना. फौजदार निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती, पण चालणं अजून गस्तीचं होतं. रोज चारच्या ठोक्याला येऊन मिस्त्रीच्या दुकानातल्या स्टुलावर बसायचे, मीही चहाचा कप घेऊन दारात टेकायचो, आणि भांडण सुरू व्हायचं. कुठल्या तरी खुन्याला फाशी दिल्याची बातमी एकदा पेपरात होती. फौजदार म्हणाले, "बरं झालं. असल्यांना ठेवायचं कशाला?"

मिस्त्रीने हातातली चिंधी खाली ठेवली. "अंगावर धावून येणाऱ्याला मी गोळी घालीन. वाईट वाटेल, पण घालीन. त्याला पकडलं, हात बांधले, दोन-तीन वर्षं खायला घातलं, आणि मग एका सकाळी उठवून मारायचं, हे माझ्याच्याने होणार नाही. जे मी करणार नाही, ते माझ्या नावावर सरकारनेही करू नये."

"तुझ्या नावावर कोण करतंय?"

"मग कुणाच्या? आणि साहेब, तुमच्याच कचेरीची गोष्ट. एक परवाना नवा करून द्यायला त्यांना वर्ष लागतं, आणि त्यात माझ्या बापाचं नाव चुकवतात. त्यांच्या हातात मी दोर देऊ? परवान्यावरचं नाव खोडून दुरुस्त करता येतं."

"तुझ्या घरातलं कुणी गेलं असतं, म्हणजे बघितलं असतं तू कसा बोलतोस ते," फौजदार म्हणाले. मिस्त्रीने चिंधी पुन्हा उचलली. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती, आणि याचं खरं उत्तर त्याला ठाऊक नव्हतं.

एका सोमवारी सकाळी बोअरवाला आला. विहिरीसाठी जमिनीत भोकं पाडायचं मशीन ट्रकवर घेऊन फिरणारा, भडक माथ्याचा, उंच माणूस. काखेत चटईची गुंडाळी होती. मी दुकानाचं शटर वर करत होतो. मला वाटलं, भल्या सकाळी हा चटई घेऊन कुठे निघाला. मिस्त्रीने त्याला आत घेतलं आणि जाळी ओढून घेतली.

चटईत एकनळी बंदूक होती. चाप ओढला की काडतुसाच्या बुडाला टोचणारी एक छोटी पिन असते, ती तुटली होती. परवान्याची मुदत संपून नऊ महिने झाले होते. नव्यासाठी अर्ज दिलेला होता, आणि कचेरीतून दर वेळी पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगत होते.

"टँकरवाल्याची माणसं परवा घरापर्यंत आली होती," बोअरवाला म्हणाला. "ट्रकचे सगळे टायर फाडलेत. मी बोअर पाडतो म्हणून त्याच्या पाण्याच्या टँकरची गिऱ्हाइकं कमी झाली, हे त्याचं दुखणं. ठाण्यात गेलो, तर म्हणाले, आपसात मिटवा. घरी दोन लेकरं आहेत, मिस्त्री. ही बंदूक ठाण्यात जमा करू नका."

मिस्त्रीने नोंदवहीकडे पाहिलं आणि ती उघडली नाही. इतकी वर्षं जे तोंडाने बोलला, ते करून दाखवायची वेळ आली असं त्याला वाटलं. त्याचा त्याला थोडा अभिमानही वाटला, हे त्याने माझ्याजवळ कबूल केलंय.

त्या बनावटीची पिन बाजारात मिळेना, म्हणून त्याने पोलादाच्या कांबीतून ती स्वतः घासून काढली. मंगळवारी दिवसभर बंदूक सुटी होऊन टेबलावर पडली होती. दुपारी त्याची बायको, आमच्या वहिनी, डबा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी नळी उचलून बाजूला ठेवली आणि तिथे डबा मांडला. त्याच मंगळवारी सकाळी अकरा वाजता, पाणी भरायच्या टाकीपाशी, टँकरवाल्याला आणि त्याच्या ड्रायव्हरला कुणीतरी गोळ्या घालून मारलं होतं. ड्रायव्हर पळत होता, त्याला पाठीत लागली. दोन रिकामी काडतुसं चिखलात सापडली.

बातमी बुधवारी पेपरात आली. मिस्त्रीने वाचली. त्याच्या मनात एवढंच आलं की बंदूक तर आपल्या टेबलावर आहे, म्हणजे आपला माणूस त्यात नाही. गुरुवारी त्याने भिंतीवर तीन टिचक्या मारल्या, वाळूत एक गोळी झाडली, नळी साफ केली, तेल लावलं आणि बंदूक चटईत गुंडाळून देऊन टाकली.

शनिवारी पोलिसांनी बोअरवाल्याला उचललं. बंदूक घरात सापडली, मुदत संपलेली, नुकतीच झाडलेली, घासूनपुसून तेल लावलेली. पुरावा पुसण्यासाठी साफ केली, असं पेपरात छापून आलं. मी ते वाक्य मोठ्याने वाचलं. पलीकडे कानस चालू होती ती थांबली, आणि त्या दिवशी पुन्हा चालली नाही.

सोमवारी पोलीस मिस्त्रीकडे चौकशीला आले. बंदूक खुनाच्या दिवशी तुमच्याकडे होती असं आरोपी म्हणतो, खरं का? मिस्त्रीने नोंदवही पुढे केली. "यात नोंद नाही," तो म्हणाला. पानांचे फोटो काढून ते निघून गेले. एकही शब्द खोटा नव्हता, अशी त्याने स्वतःची समजूत घातली.

घरी वहिनींनी विचारलं, "तुम्ही सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर दुकानाला टाळं लागेल. आणि तो सुटेलच. त्याने केलंच नाही, तर सिद्ध काय करतील?"

खालच्या कोर्टात खटला उभा राहिला तेव्हा त्याला साक्षीला बोलावलं. बोअरवाला कठड्यात उभा राहून त्याच्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त, आता सगळं मिटेल अशा चेहऱ्याने. त्याच्या वकिलाने विचारलं, "नोंदवहीत नसली तरी बंदूक तुमच्याकडे आली होती का?" मिस्त्री म्हणाला, "नाही."

हा एक शब्द. त्याने सांगितलं, की तो शब्द तोंडातून निघाल्यावर त्याला स्वतःचाच आवाज दुसऱ्या कुणाचा तरी वाटला.

आता माझंही सांगून टाकतो. चटईची ती गुंडाळी मी पाहिली होती. बातमी वाचली तेव्हाच मला उमगलं होतं तीत काय असणार. मला कुणी काही विचारलं नाही, आणि विचारलं नाही याचं मला बरं वाटलं. दीड वर्ष मी शेजारी बसून लोकांचे नंबर काढत होतो.

दोन खून, त्यातला एक पळत्या माणसाचा, वर पुरावा नष्ट करण्याचा प्रयत्न. फाशीची शिक्षा झाली. चार वाजता फौजदार आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, "लागला एकदाचा निकाल." त्यांना पुढे वाद हवा होता. मिस्त्रीने व्हाइसचा दांडा सोडला, जाळीला कुलूप लावलं आणि आम्हा दोघांना तिथेच सोडून घरी गेला. फौजदार माझ्याकडे बघून म्हणाले, "याला झालं काय?" मी खांदे उडवले.

त्यानंतर मिस्त्री जेवेनासा झाला. एका ग्राहकाची बंदूक त्याने उलटी जोडली, जे नवशिक्यानेही केलं नसतं. वरच्या कोर्टाने शिक्षा कायम केल्याशिवाय फाशी देता येत नाही, एवढाच त्याला आधार होता, आणि तिथली तारीख तीन महिन्यांवर होती.

एका दुपारी बोअरवाल्याची थोरली बहीण आली. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती, ड्यूटी संपवून तशीच पांढऱ्या कपड्यांत आली होती. मी ऐकू यावं म्हणून काच घासायचं थांबवलं.

"मिस्त्री, मी भांडायला आले नाही," ती म्हणाली. "दर भेटीत तो एकच सांगतो, बंदूक मिस्त्रीकडे होती. आधी वाटायचं, बचावासाठी बोलतो. पण आता त्याला बोलून काही मिळणार नाही, तरी बोलतो. मला फक्त खरं सांगा. मी कुणाला सांगणार नाही."

पलीकडे व्हाइसचा दांडा एकदा किरकिरला. मग मिस्त्री म्हणाला, "तुमच्या वकिलांना सांगा, चिखलातल्या काडतुसांवर पिनेचा जो ठसा आहे तो बंदुकीतल्या पिनेशी ताडून बघायला लावा. नीट, यंत्राखाली."

"तुम्हाला कसं माहीत?"

"माझा धंदाच आहे तो."

ती गेली. मिस्त्री भिंतीला टेकून म्हणाला, "ऐकलंस ना?" मी म्हणालो, "ऐकलं." त्याला वाटलं, सुटलो. आपल्या हाताने घासलेली पिन एका बाजूला किंचित सपाट राहिली आहे, तिचा ठसा गोल उमटत नाही. प्रयोगशाळेने आधी फक्त नळीचा व्यास जुळतो एवढं लिहून दिलं होतं. ठसे ताडले की खरं आपोआप बाहेर येईल, बोअरवाला सुटेल, आणि आपलं नाव कुठेच येणार नाही.

ठसे ताडले. जुळले नाहीत. वहिनींनी त्या दिवशी दोन वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याला हसताना पाहिलं.

मग सरकारी वकिलांचं उत्तर आलं. पिन नवी आहे, हाताने बनवलेली आहे. याचा अर्थ आरोपीने खुनानंतर जुनी पिन फेकून नवी बसवली. नळी साफ केली, तेल लावलं, पिन बदलली. इतका थंड डोक्याचा माणूस दयेला पात्र नाही.

नर्स पुन्हा आली ती हातात कागद घेऊन. बसली नाही. तिने अहवालातला फोटो टेबलावर ठेवला. पिनेचा फोटो, बोटाएवढा मोठा केलेला, त्यावर कानशीच्या रेघा तिरप्या गेलेल्या. डावखुरा माणूस कानस चालवतो तेव्हाच रेघा तशा पडतात, आणि मिस्त्री डावखुरा होता. तिने त्याच्या हाताकडे पाहिलं.

"माझ्या भावाला साधा खिळा सरळ ठोकता येत नाही," ती म्हणाली. "हे कुणी बनवलं?"

मिस्त्रीने फोटो उलटा करून ठेवला.

"मी तुमचं ऐकलं, आणि त्याचा दोर आणखी आवळला," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "पेशंट मरायला लागला की डॉक्टर खोटं बोलतात, ते मी रोज बघते. पण एखाद्याला मारायला कुणी खोटं बोललेलं नव्हतं पाहिलं. सतरा तारखेला सुनावणी आहे."

ती गेली आणि तिच्यामागे फौजदार आत आले. चार वाजले होते. मिस्त्रीने मला भिंतीवर ठोकून बोलावलं. मी दारात आलो. त्याने आम्हा दोघांना सगळं सांगितलं, चटईपासून फोटोपर्यंत. सांगताना तो एक स्क्रू कपड्याने पुसत होता, पुसतच होता.

फौजदार सरळ बसून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मी नोकरीत असतो तर तुला इथूनच घेऊन गेलो असतो."

"माहीत आहे."

"इतकी वर्षं तू मला इथे बसून सांगत होतास, सरकारच्या हातात दोर देऊ नका म्हणून. आणि त्यांच्या हातात तो दिला कुणी? तू." त्यांनी स्टूल पुढे ओढलं. "आणि हेही ऐकून घे. तू ज्या वहीवर थुंकतोस, तीत एक ओळ लिहिली असतीस ना, तर बंदूक मंगळवारी ठाण्याच्या कपाटात असती आणि त्या ओळीनेच तो माणूस पहिल्या दिवशी सुटला असता."

"आणि त्याच्या घरावर कुणी चालून आलं असतं तर?"

"तर ते वेगळं. पण आलं नाही कुणी. आला तो फास."

मिस्त्रीने स्क्रू टेबलावर ठेवला. याबद्दल नंतर कधी विचारलं की एवढंच म्हणायचा, "फौजदारांचं बरोबर आहे, पण माझं चूक आहे असंही मला वाटत नाही. दोन्ही घेऊन जगतो."

फौजदारांनी टोपी उचलली. "चल. वकिलाकडे. आजच."

"उद्या सकाळी जातो."

"उद्या तू जाणार नाहीस. मी तीस वर्षं माणसांचे कबुलीजबाब घेतलेत. उद्या म्हणणारा परत येत नाही."

वहिनींना फोन केला. त्या रिक्षाने आल्या, स्वयंपाकाचे हात तसेच. मिस्त्री म्हणाला, "अगं, आत जावं लागेल मला." त्या म्हणाल्या, "मी पण पाहिलंय. माझंही नाव लिहा." मग तिघांनी माझ्याकडे पाहिलं नाही. एकानेही पाहिलं नाही, ते मला जास्त टोचलं. माझी मुलगी तेव्हा नोकरीच्या मुलाखती देत होती, दुकानावर कर्ज होतं, कोर्टाची पायरी मी कधी चढलो नव्हतो. मी शटर ओढलं आणि त्यांच्या मागे चालायला लागलो.

बोअरवाल्याची आताची वकील एक तरुण बाई होती. तिने सगळं लिहून घेतलं आणि पेन खाली ठेवून मिस्त्रीला म्हणाली, "माझं अशील वाचावं म्हणून मला तुमची सही हवी आहे. पण तुम्हाला सांगणं माझं काम आहे. फाशीच्या खटल्यात शपथेवर खोटं बोललात, त्याची शिक्षा मोठी आहे. तुम्ही स्वतःचा वकील गाठा आणि मग सही करा."

"तोवर सतरा तारीख जाईल," मिस्त्री म्हणाला आणि सही केली. चष्मा कपाळावरच होता. रेघ सोडून भलतीकडेच सही झाली, म्हणून पुन्हा करावी लागली.

सतरा तारखेला कोर्टात पंखे फिरत होते तरी सगळे घामाने भिजलेले. पुढच्या बाकावर टँकरवाल्याची बायको बसली होती, मांडीवर पर्स घट्ट धरून. दोन न्यायाधीश. सरकारी वकिलांनी मिस्त्रीला उभा-आडवा सोलला. किती पैसे मिळाले? कुणी धमकावलं? आरोपीशी जुनी ओळख आहे ना? बंदुकीला परवाना नको, असं तुम्ही जाहीर बोलता ना? म्हणजे कायदा तुम्ही मानतच नाही, मग शपथ कशी मानता?

"कायद्यातलं सगळं पटत नाही," मिस्त्री म्हणाला. "शपथ मात्र मीच घेतली होती. ती मोडली."

मोठ्या न्यायाधीशांनी विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलं?"

"भीती वाटली, साहेब."

"आता वाटत नाही?"

"वाटते."

त्यांनी ती पिन कोर्टासमोर पुन्हा बनवून दाखवायला सांगितलं. शेजारच्या खोलीत टेबल, व्हाइस, कांब, कानस मांडली, प्रयोगशाळेचा माणूस शेजारी उभा. आम्ही बाहेर बाकावर. अडीच तास लागले. आतून कानशीचा आवाज येत होता, मध्येच थांबायचा. थांबला की वहिनी माझी बाही धरायच्या. पहिली पिन वाया गेली, हे आम्हाला नंतर कळलं. दुसरी जमली. यंत्राखाली दोन्ही पिना शेजारी ठेवल्या. रेघा तशाच तिरप्या, सपाटी त्याच बाजूला.

मग वहिनींची साक्ष, मग माझी. मला विचारलं, चटईत बंदूक होती हे तुम्ही पाहिलं का? मी म्हणालो, नाही, चटई पाहिली. तारीख कशी आठवते? म्हणालो, त्या सोमवारी माझं शटर अडकलं होतं, दुरुस्त करणाऱ्याची पावती आहे. पावती खिशात होती. ती पुढे करताना माझ्या लक्षात आलं, की इतके दिवस ती मी जपून ठेवली होती. म्हणजे कधीतरी लागेल हे मला ठाऊक होतं.

फाशी कायम झाली नाही. खटला पुन्हा खाली पाठवला, आणि आठ महिन्यांनी बोअरवाला सुटला. खरा खुनी आजपर्यंत सापडलेला नाही. टँकरवाल्याची बायको निकालानंतर जिन्यात आमच्यासमोर उभी राहिली. मिस्त्रीला म्हणाली, "तुम्ही त्याला सोडवलंत. बरं. मग माझ्या नवऱ्याला कुणी मारलं, ते कोण सांगणार?" मिस्त्रीने मान खाली घातली. ती वाट बघत थांबली, खरंच उत्तर मिळेल अशी. मग गेली.

मिस्त्रीवर वेगळा खटला झाला. स्वतःहून आला म्हणून शिक्षा कमी, तरी सोळा महिने पडलीच. दुकानाचा परवाना रद्द. पोलादी कपाट ट्रकमधून गेलं. माझ्या काउंटरवरच्या फ्रेमा आता थरथरत नाहीत.

मी महिन्यातून एकदा भेटायला जायचो. एकदा जाळीपलीकडून म्हणाला, "गंमत बघ. मी खोटं बोललो त्याच्यामुळे ज्याची वर्षं गेली, तो बाहेर. मी इथे सतरंज्या विणतोय. या सतरंज्यांचा त्याला काय उपयोग? मी सरकारचं काय बिघडवलं होतं? बिघडवलं त्याचं. मग फेड त्याची नको का व्हायला?"

"झाला तुझा वाद सुरू," मी म्हणालो.

"वाद नाही रे. विचारतोय."

मिस्त्री सुटला त्याच्या दुसऱ्या दिवशी तो बोअरवाल्याच्या दारात गेला. मला बरोबर चल म्हणाला, म्हणून मी होतो. बोअरवाला बारीक झाला होता, केस पांढरे. मिस्त्री म्हणाला, "कोर्टाचं माझ्याकडून घेऊन झालं. तुझं राहिलंय. काय करू सांग."

बोअरवाल्याने दाराची चौकट धरली. मग म्हणाला, "त्या कोठडीत पहाटे बूट वाजले की मी भिंतीला चिकटून उभा राहायचो. वाटायचं, मलाच न्यायला आले. रोज. त्याचं काय करशील?"

"त्याचं काही करता येणार नाही मला."

"मग कशाला आलास?" त्याने दार लावून घेतलं.

आम्ही परत निघालो. अंगणात त्याचं बोअरचं मशीन उभं होतं, चार वर्षं, तो सुटून आल्यावरही, कुणी हात न लावलेलं. कॉम्प्रेसर गंजलेला, पाइपांच्या आट्यांत माती बसलेली. मिस्त्री थांबला. बोटाने एक आटा खरवडून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो कानस, रॉकेलचा डबा आणि चिंध्या घेऊन तिथे गेला. बोअरवाल्याने खिडकीतून पाहिलं, बाहेर आला नाही. हाकलूनही दिलं नाही. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी मिस्त्रीला एक नट एकट्याने हलेना. तो दोन्ही हातांनी पान्याला लोंबकळला होता, तेव्हा मागून कुणीतरी पान्याचं दुसरं टोक धरलं. दोघांनी जोर लावला, नट सुटला, आणि बोअरवाला हात पुसत घरात गेला.

मशीन महिन्याभरात चालू झालं. मिस्त्री तरीही जातोच. आता तो मशीनबरोबर गावोगाव हिंडतो, ड्रिलचे झिजलेले दात बदलतो, कॉम्प्रेसर सांभाळतो, मजुरी घेत नाही. घर वहिनींच्या शिलाईवर चालतं. त्यांची तक्रार नाही असं नाही. फौजदार चारला माझ्या दुकानात येऊन बसतात, पण माझ्याशी वाद घालण्यात त्यांना मजा येत नाही.

गेल्या आठवड्यात मिस्त्री चष्म्याची दांडी बसवून घ्यायला आला होता. मी विचारलं, "बोलतो का आता?"

"कामापुरतं."

"अजून किती दिवस जाणार आहेस?"

"त्याने नको म्हणेपर्यंत," तो म्हणाला, चष्मा कपाळावर चढवला आणि बस पकडायला गेला. दुसऱ्या दिवशी त्यांना डोंगराच्या बाजूला एक बोअर घ्यायचा होता. तिथे दगड फार कठीण लागतो म्हणतात.